लेकीच्या नावाची वही

मुलीसाठी बापाने काही लिहून ठेवावे ही चाल युरोपात सहाशे वर्षांहून जुनी आहे. तिचा पहिला मोठा काळ उपदेशाचा. मुलगी जाणती होऊ लागली, लग्नाच्या वयाजवळ आली, की बाप लेखणी हाती घेई. पाळण्यातल्या मुलीविषयी, तिच्या जन्मापासून, रोजच्या रोज लिहीत राहणारा बाप मात्र एकोणिसाव्या शतकात ठळकपणे भेटतो. तिथून या लेखनाची जातकुळीच बदलली. सांगणारा बाप पाहू लागला, आणि त्या पाहण्यातून पुढे बालमानसशास्त्र नावाचे शास्त्र उभे राहिले.

उपदेशाच्या परंपरेतले जुने आणि गाजलेले पुस्तक फ्रान्समधल्या आंजू प्रांतातल्या एका सरदाराचे आहे. जोफ्रॉय द ला तूर लांद्री याने 1371 मध्ये आपल्या मुलींसाठी ते लिहायला घेतले. चांगल्या आणि वाईट बायकांच्या गोष्टी सांगायच्या आणि प्रत्येकीतून वागण्याचा धडा काढायचा, ही त्याची रीत. इंग्लंडमध्ये छापखाना आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने स्वतः त्याचे भाषांतर करून 1484 मध्ये ते छापले. त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1688 मध्ये, हॅलिफॅक्सचा मार्क्विस जॉर्ज सॅव्हिल याने आपल्या एलिझाबेथ या मुलीसाठी असेच पुस्तक लिहिले. धर्म, नवरा, घरकारभार, मैत्री, गर्व अशा एकेका विषयावर त्यात सल्ला आहे. नवरा दारुडा किंवा तापट निघाला तर काय करावे, तेही आहे. त्याचा सूर एकच: कायदा आणि रूढी बदलणार नाहीत, तेव्हा त्यांत राहून निभावून न्यायला शीक. हीच एलिझाबेथ पुढे लॉर्ड चेस्टरफील्डची आई झाली, आणि या चेस्टरफील्डने आपल्या मुलाला लिहिलेली पत्रे अठराव्या शतकातल्या इंग्रजी गद्यात अतिशय प्रसिद्ध आहेत.

या मालिकेतले सर्वांत खपलेले पुस्तक स्कॉटलंडचे. एडिंबरोचा वैद्य जॉन ग्रेगरी याची बायको 1761 मध्ये वारली. आपणही फार जगणार नाही या धास्तीने त्याने मुलींसाठी काही पाने लिहून ठेवली. 1773 मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाने ती पाने पुस्तकरूपाने छापली. लेखणीत माया आहे यात शंका नाही. पण हाच बाप मुलींना बजावतो की शहाणपण आणि विद्या असेल तर ती पुरुषांपासून झाकून ठेवा. मेरी वुल्स्टनक्राफ्टने 1792 मध्ये स्त्रियांच्या हक्कांवरचा ग्रंथ लिहिला, तेव्हा ग्रेगरीचे हे पुस्तक नाव घेऊन तपासले आणि त्यातली ही लपवाछपवी घातक ठरवली. तिचे म्हणणे रास्त होते. या तिन्ही पुस्तकांत मुलगी कशी असावी हे पानोपानी आहे. ती कशी आहे, हे पाहायला बाप थांबलेलेच नाहीत.

मूल कसे आहे हे पाहण्याची सुरुवात मुलांवर, म्हणजे मुलग्यांवर झाली. स्वित्झर्लंडचा शिक्षणसुधारक पेस्तालोत्सी याने 1774 मध्ये आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलाच्या शिकण्याची छोटी रोजनिशी ठेवली. जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडेमान याने 1781 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाच्या नोंदी 1787 मध्ये प्रसिद्ध केल्या. नवजात मुलीच्या वाट्याला अशी वही यायला अमेरिका आणि 1831 साल उजाडावे लागले.

ती वही अमोस ब्रॉन्सन अल्कॉट याची. कनेक्टिकटमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा तरुणपणी दक्षिणेत फेरीवाला म्हणून फिरला, आणि स्वतःच्या वाचनाच्या बळावर शिक्षक झाला. पेस्तालोत्सीच्या विचारांनी तो भारलेला होता. 1830 मध्ये लहान मुलांच्या शिक्षणावर त्याने एक पुस्तिका छापली, त्याच वर्षी बॉस्टनच्या अबिगेल मे हिच्याशी लग्न केले, आणि रूबेन हेन्स या धनिक क्वेकर गृहस्थाच्या आधाराने शाळा काढायला तो फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनला गेला. तिथे 16 मार्च 1831 रोजी पहिली मुलगी झाली: अ‍ॅना. एकतिशीतल्या या बापाने तिच्या नावाची वही उघडली. शिकायला येणारी मुले चार-पाच वर्षांची असतात, म्हणजे मनाची अर्धी घडण होऊन गेलेली असते, असे त्याला वाटे. ती घडण पहिल्या श्वासापासून कोणी लिहून ठेवली तर मनाचा खरा इतिहास हाती येईल, ही त्याची आशा होती. नजर केव्हा स्थिरावते, हसू केव्हा उमटते, राग कशाने येतो, हात कशाकडे जातो, हे तो पानेच्या पाने लिहीत गेला. धाकट्यांची भर पडत या हस्तलिखितांची पाने अडीच हजारांच्या घरात गेली.

वही सुरू करताना अल्कॉट तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मताजवळ होता: मूल कोऱ्या पाटीसारखे येते, भोवताल त्यावर लिहितो. पुढे प्लेटो, वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांच्या वाचनाने तो उलट टोकाला गेला, आणि मूल वरच्या प्रकाशातून आत्मा घेऊनच येते असे मानू लागला. त्याला अडचणीत टाकले ते दुसऱ्या मुलीने. 29 नोव्हेंबर 1832 रोजी, बापाच्या तेहतिसाव्या वाढदिवशीच, लुइझा जन्मली. अ‍ॅना शांत, ऐकणारी. लुइझा धसमुसळी, हट्टी, थोरलीवर हात उगारणारी. घर तेच, आईबाप तेच, वागवण्याची पद्धतही तीच. मग हा फरक आला कुठून? एका मुलीची वही सिद्धान्ताला पुरते, दुसरीची उघडली की सिद्धान्त डळमळतो, हे या शास्त्राच्या पुढच्या सगळ्या वाटचालीत पुन्हा पुन्हा दिसले; ते पहिल्याच घरात दिसले होते. अल्कॉटने त्याचे उत्तर उपजत स्वभावात शोधले. अ‍ॅना आपल्यावर आणि लुइझा आईच्या माहेरावर गेली, असे त्याने मानले. त्याच्या लेखनातला हा सर्वांत दुबळा भाग आहे. शांत ती बापाची आणि त्रासदायक ती आईची, ही वाटणी पाहणाऱ्याची नव्हे, बापाच्या सोयीची होती.

पाहता पाहता परीक्षा घेण्याचा मोहही त्याला झाला. दोघी अगदी लहान असताना त्याने त्यांना विचारले, की दुसऱ्याची वस्तू न विचारता घ्यावी का. दोघींनी नाही म्हटले. मग त्याने एक सफरचंद त्यांच्यापाशी ठेवले आणि तो खोलीबाहेर गेला. परतला तेव्हा उरले होते फक्त मधले बोंड. त्याने दोघींना जवळ घेऊन काय झाले, मनात काय आले, हे शांतपणे विचारले आणि उत्तरे उतरवून घेतली. मार नाही, ओरडा नाही. त्या काळच्या घरांत ही गोष्ट दुर्मीळ होती. तरीही आपल्याच भुकेल्या पोरींना असे सापळ्यात उभे करणे वाचताना खटकते.

या वहीमागे आणखी एक माणूस उभे होते: पत्नी अबिगेल. अ‍ॅना सात महिन्यांची असताना हेन्स वारला आणि शाळेचा आधार तुटला. कुटुंब 1833 मध्ये फिलाडेल्फिया शहरात आले. पुढच्या वर्षी काही काळ अल्कॉट वाचनासाठी शहरात वेगळी खोली घेऊन राहिला, तर दोन लहान मुलींचे रात्रंदिवसाचे करणे अबिगेलवर होते. मूल आजारी पडले, दात आले, झोप उडाली, हे पहिल्यांदा कळे ते तिला. अभ्यास करणाऱ्याला मोकळा वेळ मिळतो तो कोणीतरी पोर सांभाळते म्हणूनच, आणि या इतिहासातल्या बहुतेक वह्यांना हे लागू आहे.

1834 मध्ये अल्कॉटने बॉस्टनमध्ये टेम्पल स्कूल ही शाळा काढली, आणि घरच्या वहीत शिकलेली संवादाची रीत वर्गात आणली. मुलांशी बायबलविषयी झालेली संभाषणे त्याने छापली, तेव्हा जन्मासारखा विषय मुलांपुढे काढला म्हणून शहरात गहजब झाला आणि शाळा ओसरली. बालपणाच्या निरीक्षणांवरून त्याने ‘सायकी’ नावाचे पुस्तकही रचले. मित्र इमर्सनने ते वाचले आणि न छापण्याचा सल्ला दिला. छापील ग्रंथ असा झालाच नाही. पण मुलींना लिहिणे थांबले नाही. वाढदिवसाला तो त्यांना पत्र देई. 29 नोव्हेंबर 1839 चे पत्र लुइझाला आहे: त्या दिवशी ती सात वर्षांची झाली आणि तो चाळीसचा. मुलींनीही रोजनिशी लिहावी असा घरचा दंडक होता, आणि आईबाप ती वाचत. त्या शिस्तीतून लुइझा लेखिका झाली. तिच्या ‘लिटल विमेन’ या 1868 च्या कादंबरीतली थोरली मेग म्हणजे अ‍ॅना. मुलींवर हजारो पाने लिहिणारा बाप मात्र त्या कादंबरीच्या बऱ्याच भागात घरी नाही, तो युद्धावर गेलेला आहे. अल्कॉट आणि लुइझा मार्च 1888 मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेले. अ‍ॅनाची वही आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे.

अल्कॉटची वही छापली गेली नाही, म्हणून शास्त्राच्या इतिहासात मान मिळाला तो फ्रान्सच्या इपोलित तेनला. साहित्य आणि इतिहासाचा हा मोठा अभ्यासक चाळिशीत बाप झाला. मुलीच्या बोलण्याच्या नोंदी त्याने 1876 मध्ये, नुकत्याच निघालेल्या ‘रव्ह्यू फिलॉसॉफिक’ या नियतकालिकात दिल्या. लेख लहान आहे, पण नजर विलक्षण. बाळाला बागेत सतरंजीवर सोडले, की ते तासन्‌तास हातपाय हलवते आणि नाना तऱ्हेचे आवाज काढते. आधी नुसते स्वर, मग हळूहळू व्यंजने. वर्षाच्या मुलीला आजोबांच्या खोलीतल्या चित्रातला बाळयेशू दाखवून ‘बेबे’ म्हणायला शिकवले. दुसऱ्या खोलीत ‘बेबे कुठे?’ विचारले तर ती भिंतीवरच्या कुठल्याही चित्राकडे वळे. म्हणजे मोठ्यांनी शब्द दिला, पण त्याचा अर्थ तिने ठरवला: चौकटीतले रंगीत काहीतरी. चौदाव्या महिन्याच्या सुमाराला तिने ‘तेम’ हा शब्द काढला. तो घरात कोणीच शिकवलेला नव्हता. दे, घे, बघ, इकडे लक्ष द्या, हे सारे ती त्यात भरी. भाषा मूल नुसती उचलत नाही, घडवतेही, हे तेनने या एका शब्दावरून मांडले. पुढच्या शंभर वर्षांच्या भाषाअभ्यासाचे बीज त्यात आहे.

या लेखाचे इंग्रजी भाषांतर 1877 मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात आले. ते वाचून चार्ल्स डार्विनने सदतीस वर्षांपूर्वीची वही बाहेर काढली. डिसेंबर 1839 मध्ये जन्मलेल्या थोरल्या मुलाच्या, विल्यमच्या नोंदी तिच्यात होत्या; त्या त्याच वर्षी ‘माइंड’मध्येच छापल्या गेल्या. मूळ वहीत पत्नी एमाच्या हातच्या नोंदीही आहेत, लेखावर नाव मात्र डार्विनचे. त्याची थोरली मुलगी अ‍ॅनी हिच्याविषयीचे लेखन मात्र वेगळे आहे. ती 23 एप्रिल 1851 रोजी दहाव्या वर्षी वारली. आठवड्याभराने बापाने तिची ठेवण, तिचे हसणे, तिची वस्तू नीट लावून ठेवण्याची सवय काही पानांत लिहून ठेवली. ती पाने शास्त्रासाठी नव्हती. पाहण्याची सवय जडलेल्या बापाचा शोक कसा असतो, ते त्यांतून कळते.

यानंतर अशा वह्यांचे पेवच फुटले. इंग्लंडच्या जेम्स सली याने 1895 च्या आपल्या बालपणावरच्या ग्रंथात एका बापाच्या रोजनिशीतले उतारे म्हणून अख्खे प्रकरण दिले. आई आणि दाई मायेमुळे वाहवत जातात, निरीक्षणाला शिकलेला बापच हवा, असा या काळातला समज होता आणि सलीही त्याच बाजूचा. त्याच वर्षी अमेरिकेच्या जेम्स मार्क बाल्डविनचा ग्रंथ आला. 1889 मध्ये जन्मलेली हेलन ही त्याची पहिली मुलगी. मूल उजवे की डावे, हे कधी ठरते, असा त्याचा प्रश्न होता. चौथ्या ते दहाव्या महिन्यांत तो तिच्यासमोर वस्तू धरी आणि कोणता हात पुढे येतो ते मांडी. 2187 वेळा हे झाले: 577 वेळा उजवा, 568 वेळा डावा, 1042 वेळा दोन्ही. वस्तू जवळ असेपर्यंत दोन्ही हात सारखेच. ती दूर धरली, ताणून घ्यावी लागली, की उजवा पुढे येऊ लागला. बापाच्या कौतुकाला इथे आकड्यांची शिस्त लागली.

आईचे नाव मुखपृष्ठावर आले ते जर्मनीत. ब्रेस्लाऊ इथल्या विल्यम आणि क्लारा स्टर्न यांना 7 एप्रिल 1900 रोजी हिल्डे झाली. पाठोपाठ ग्युंटर आणि एव्हा. तिघांच्या रोजनिश्या 1918 पर्यंत चालल्या आणि त्यांतले बहुतेक लेखन क्लाराच्या हातचे आहे. त्यावरून झालेला मुलांच्या भाषेवरचा ग्रंथ 1907 मध्ये निघाला, तो क्लारा आणि विल्यम अशा क्रमाने. सलीच्या समजाला यापेक्षा चांगले उत्तर नव्हते. मायेने आईची नजर बिघडत नाही. उलट रात्री दोन वाजता मूल काय पुटपुटले हे तिलाच ठाऊक असते.

मुलीला उद्देशून लिहिण्याची जुनी वाट या काळात भारतात नव्या रूपात दिसली. 1928 च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि अलाहाबादहून जवाहरलाल नेहरू तिला पत्रे लिहीत होते. पृथ्वी कशी झाली, पहिले जीव, माणूस, भाषा, राज्ये. ही 30 पत्रे 1929 मध्ये पुस्तकरूपाने आली. हिंदी भाषांतर प्रेमचंदांनी केले. ग्रेगरीने मुलींना विद्या झाकायला सांगितले होते. इथे बाप अख्खे जग मुलीपुढे उघडत होता.

याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये झां पियाजे बाप झाला. डी.एड. आणि बी.एड. केलेल्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे नाव बालमानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून माहीत असते. त्याच्या सिद्धान्ताचा मोठा आधार त्याच्या घरातली तीन मुले होती, हे कमी सांगितले जाते. थोरली झाक्लीन जानेवारी 1925 मध्ये जन्मली. पत्नी व्हालांतीन ही त्याची विद्यार्थिनी होती आणि नोंदींत तिचा बरोबरीचा हात होता. प्रत्येक नोंदीला वर्ष, महिना आणि दिवस असे वय लावलेले. सातव्या महिन्याच्या शेवटी झाक्लीन दुलईवरचे सेल्युलॉइडचे बदक पकडायला जाते. बदक घसरते आणि तिच्या हाताजवळच चादरीच्या घडीआड जाते. तिने ते पाहिलेले असते, हातही मागोमाग गेलेला असतो. पण बदक दिसेनासे होताच शोधणे थांबते. जणू ते उरलेच नाही. एक वर्ष सात महिन्यांची असताना बाप नाणे मुठीत घेतो, मूठ पांघरुणाखाली नेतो आणि मिटलेलीच बाहेर काढतो. ती मूठ उघडून पाहते, रिकामी दिसते, आणि लगेच पांघरुणाखाली शोधून नाणे काढते. वस्तू दिसली नाही तरी असते, ही जाण वर्षभरात कशी आली, हे या दोन नोंदींमधले अंतर दाखवते.

आणखी एक नोंद अशी: सव्वा वर्षाची झाक्लीन. दीड वर्षाचा एक पाहुणा मुलगा खेळण्याच्या कठड्यात पाय आपटून थयथयाट करतो आणि ती थक्क होऊन पाहत राहते. दुसऱ्या दिवशी तिला कठड्यात ठेवल्यावर ती तसेच पाय आपटते. काल पाहिलेले आज आठवून करता येते, म्हणजे मनात चित्र राहू लागले, असा निष्कर्ष पियाजेने काढला. 1936 ते 1945 या काळात आलेली त्याची तीन पुस्तके अशा नोंदींवर उभी आहेत. त्यांना पुढे आव्हानही मिळाले. 1985 मध्ये रेने बायार्जाँ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पाच महिन्यांची बाळेही झाकलेली वस्तू तिथे असल्याची अपेक्षा धरतात. हात शोधत नाही म्हणजे मनही शोधत नाही, असे नव्हे. वयाचे आकडे त्यामुळे मागे सरकले, पण काय विचारावे हे अजूनही त्या बदकाने आणि नाण्याने ठरवलेले आहे.

भाषेच्या बाजूने सर्वांत चिकाटीची वही व्हेर्नर लिओपोल्ड याची. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जर्मन शिकवणाऱ्या या बापाची हिल्डेगार्ड 1930 मध्ये जन्मली. तो तिच्याशी फक्त जर्मन बोले, आई इंग्रजी. नोंदींचे चार खंड 1939 ते 1949 या काळात निघाले. दहाव्या महिन्यात हिल्डेगार्ड ‘प्रिटी’ हा इंग्रजी शब्द जवळजवळ मोठ्यांसारखा कुजबुजली. दीड वर्षाची झाली तेव्हा त्याचा ‘पिटी’ झाला, आणि पावणेदोन वर्षांनंतर ‘बिडी’. मूल मागे गेले असे ऐकणाऱ्याला वाटेल; प्रत्यक्षात आधी तिने शब्द जसाच्या तसा उचलला होता, नंतर ध्वनींची स्वतःची व्यवस्था बसल्यावर तो तिच्यात बसवून घेतला. रोज तारीख घालून लिहिलेल्या वहीखेरीज हे कोणाच्या लक्षात आले नसते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईबापांना आज जी ‘एका पालकाची एक भाषा’ ही रीत सुचवली जाते, तिच्या अभ्यासातला हा एक पायाभूत दाखला आहे.

1920 नंतर शेकडो मुलांची मापे घेणाऱ्या प्रयोगशाळा आल्या आणि एकट्या बापाची वही मागे पडली. एकाच सुशिक्षित घरातले मूल, त्यात निरीक्षक जन्मदाता, हा आक्षेप खरा होता. तरी ही रीत संपली नाही. अमेरिकेच्या मायकेल टोमासेलोने आपल्या मुलीच्या दुसऱ्या वर्षातली क्रियापदे पत्नीसह टिपली आणि त्यावर 1992 मध्ये ‘फर्स्ट व्हर्ब्ज’ हे पुस्तक लिहिले. प्रत्येक क्रियापद मूल आधी सुटे, त्याच्या त्याच्या वाक्यांसह शिकते आणि व्याकरणाचा सर्वसाधारण नियम नंतर बसतो, हा त्या एका मुलीच्या वहीतून निघालेला निष्कर्ष पुढे अनेक मुलांवर, मुद्दाम तयार केलेली नवी क्रियापदे देऊन, तपासला गेला.